सोमालियाच्या नव्या पंतप्रधानाला चार गोष्टी

श्रोतेहो, जून महिन्यात कोकणपट्टीवर पावसाचे ढग घेऊन येणारा नैर्ऋत्येचा वारा आपल्याकडे वळण्याआधी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून जोराने वाहत येतो. हवामानशास्त्रात त्या प्रवाहाला ‘सोमाली झोत’ असेच नाव आहे. पाऊस आपल्या पदरात पडतो. ज्या किनाऱ्यावरून तो वारा येतो त्या मुलखाच्या वाट्याला मात्र त्या दिवसांत बहुतांशी कोरडी हवाच येते. समुद्रापलीकडचा हा शेजारी म्हणजे सोमालिया. पुण्याच्या महाविद्यालयांतून तिकडचे कितीतरी विद्यार्थी शिकून गेले आहेत. तरीसुद्धा सोमालिया म्हटले की आपल्याला आठवतात ते चाचे आणि दुष्काळ. तिथे राज्य कसे चालते, सरकार कसे बनते, हे सहसा कुणी विचारत नाही.

आज तेच आपण पाहू. तिथे नवा पंतप्रधान नेमला गेला आणि त्याला मंत्रिमंडळ बनवायचे आहे, असे समजा. त्याला सांगण्यासारखे काय आहे? आपण कोण सांगणारे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण गेल्या साठ वर्षांत त्या खुर्चीवर जे बसले त्यांचे अनुभव नोंदले गेले आहेत. सल्ला आपला नाही, त्या अनुभवांचा आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १९६० च्या जून महिन्याच्या २६ तारखेला ब्रिटिशांकडचा उत्तर भाग स्वतंत्र झाला, १ जुलैला इटलीच्या देखरेखीखालचा दक्षिण भाग स्वतंत्र झाला, आणि त्याच दिवशी दोन्ही मिळून एक प्रजासत्ताक बनले. आरंभ चांगला झाला होता. १९६७ साली पहिले राष्ट्राध्यक्ष एदन अब्दुल्ला उस्मान निवडणूक हरले आणि निमूटपणे पायउतार झाले. आफ्रिकेत त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. परंतु १९६९ च्या ऑक्टोबरात त्यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांचा खून झाला, आठवड्याच्या आत लष्कराने सत्ता घेतली, आणि सियाद बर्रे यांची राजवट एकवीस वर्षे चालली. १९९१ च्या जानेवारीत ती कोसळली, तेव्हा तिच्या जागी दुसरे सरकार आले नाही. सरकार ही वस्तूच नाहीशी झाली. खजिना नाही, कोर्ट नाही, पोलीसचौकी नाही, शाळाखाते नाही. उत्तरेकडच्या सोमालीलँडने त्याच वर्षी आपण वेगळे झालो असे जाहीर केले. पुढे २००० साली जिबूतीत, २००४ साली केनियात वाटाघाटी होऊन हंगामी सरकारे बनली, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये तात्पुरती राज्यघटना मंजूर झाली.

आता बघा, सोमाली लोकांची भाषा एक, धर्म एक. मग भांडण कशाचे? भांडण कुळांचे. आपल्याकडे जशी भावकी असते तशी कल्पना करा. फक्त ती एका गावापुरती नव्हे, तर लाखो माणसांची, आणि प्रत्येकाला आपली वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असलेली. दारोद, हाविये, दिर आणि दिगिल-मिरिफले अशी चार मोठी कुळे मानतात. बाकीच्या लहान समाजांना मिळून अर्धा वाटा. यालाच ‘साडेचारचे सूत्र’ म्हणतात. २०१२ पासूनच्या लोकसभागृहात २७५ जागा. शिक्षकांनी फळ्यावर हिशेब करून पाहावा: चार कुळांना प्रत्येकी ६१, म्हणजे २४४, उरलेल्या ३१ जागा लहान समाजांच्या. गंमत अशी की हे सूत्र राज्यघटनेत कुठेही लिहिलेले नाही. तरी संसद त्याच मापाने बनली आणि मंत्रिमंडळेही त्याच मापाने बनत आली.

हे ऐकून आपण नाक मुरडू नये. ज्या काळात पोलीस नव्हता, न्यायाधीश नव्हता, त्या काळात माणसाला तारले कुणी? कुळाने. खून झाला तर भरपाई कुळानेच द्यायची आणि कुळानेच घ्यायची, हा त्यांचा जुना रिवाज. तेव्हा मंत्र्याची खुर्ची म्हणजे त्यांच्या दृष्टीने नुसता मान नव्हे. ‘उद्या आमच्यावर अन्याय झाला तर आतमध्ये आमचा माणूस आहे’ अशी ती हमी आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सर्व समजायला सोपे जाते.

पहिली गोष्ट: वाटणी झिडकारू नये, पण निवड आपल्या हातात ठेवावी

नव्या माणसाला उत्साहाच्या भरात वाटते की कुळबीळ काही पाहायचे नाही, लायकी पाहायची. १९६४ साली अब्दिरझाक हाजी हुसेन पंतप्रधान झाले. माणूस कडक आणि स्वच्छ. त्यांनी कर्तबगारी पाहून नावे निवडली, वाटणीचा अलिखित नियम बाजूला ठेवला, आणि पहिल्या खेपेस संसदेचा विश्वास मिळवू शकले नाहीत. पुन्हा बैठका झाल्या, यादी बदलली, तेव्हा मान्यता मिळाली.

दुसरे टोक २००७ सालचे. नूर हसन हुसेन यांनी सर्वांना खूष करण्यासाठी मंत्री, उपमंत्री मिळून ७३ जणांचे मंत्रिमंडळ जाहीर केले. सगळे खूष झाले का? छे! ‘आमच्या कुळाशी विचारविनिमय केला नाही’ म्हणून काही मंत्र्यांनी लगेच राजीनामे दिले. महिन्याभरात ते मंत्रिमंडळ गुंडाळून लहान मंत्रिमंडळ बनवावे लागले. २०१२ मध्ये अब्दी फराह शिरदोन यांनी उलट टोक गाठले. मंत्री फक्त १०, त्यांत दोन स्त्रिया, आणि त्यांतली एक देशाची पहिली स्त्री परराष्ट्रमंत्री. कौतुक पुष्कळ झाले. परंतु दहा खुर्च्यांत इतक्या कुळांची हमी मावत नाही. पुढे २०१५ साली ओमर अब्दिरशीद शर्मार्के यांना पहिली यादी मागे घ्यावी लागली, आणि शेवटी सर्व दर्जाचे मिळून ६६ जण झाले. २०२२ साली हमझा अब्दी बर्रे यांची यादी ७५ वर गेली: २६ मंत्री, २४ राज्यमंत्री, २५ उपमंत्री. तुलनेसाठी सांगतो, भारतात २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर जाऊ नये असा नियम केला. तो नियम २७५ च्या सभागृहाला लावला तर ४१ येतात.

मग करायचे काय? वाटा कुळाचा राहू द्यावा, निवड पंतप्रधानाची असावी. प्रत्येक कुळाच्या वडीलधाऱ्यांकडे एक नाव मागू नये. तीन मागावीत, आणि त्यांतून एक आपण निवडावे. कोणते खाते कुणाला, हेही कुळाने ठरवू नये. अर्थ, आरोग्य, पाणी अशी काही खाती आधी बाजूला काढावीत आणि त्या कामाची माहिती असलेल्या माणसांसाठी राखून ठेवावीत. खुर्च्यांचा हिशेब उरलेल्या खात्यांत जुळवावा. २०१२ च्या घटनेने पंतप्रधानाला यादी संसदेपुढे न्यायला तीस दिवस दिले होते. त्या दिवसांत बैठकी इतक्या होतात की मुदत अपुरी पडते. म्हणून पहिले आठ दिवस फक्त ऐकण्यात घालवावेत आणि कुणालाही खुर्चीचे वचन देऊ नये. दिलेली वचने मोजता मोजताच यादी ७३ पर्यंत जाते.

दुसरी गोष्ट: राष्ट्राध्यक्षाशी कामाची वाटणी आधी करावी

कुळांचा प्रश्न मोठा खरा, पण पंतप्रधान पडतात ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत सोमालियाला सहा पंतप्रधान मिळाले. त्यांतले तीन अविश्वासाच्या ठरावाने गेले, आणि तिघांच्याही मुळाशी राष्ट्राध्यक्षांशी बिनसलेले नाते होते. शिरदोन २०१३ च्या डिसेंबरात १८४ विरुद्ध ६५ मतांनी गेले. त्यांच्यामागून आलेले अब्दिवेली शेख अहमद बरोबर एका वर्षाने, १५३ विरुद्ध ८० मतांनी गेले. हसन अली खैरे यांना तर २०२० च्या जुलैमध्ये १७८ पैकी १७० सभासदांनी घरी पाठवले.

असे का होते? घटनेत दोन कर्ते पुरुष आहेत म्हणून. राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाची नेमणूक करतो, आणि सरकारचा प्रमुख मात्र पंतप्रधान. २०१२ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षाला पंतप्रधान बडतर्फ करण्याचा अधिकार दिला नव्हता. म्हणून न पटणारा पंतप्रधान काढायचा तर सभासद फिरवावे लागत. २०२४ च्या मार्चमध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून नेमणुकीचा आणि बडतर्फीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे देण्याचे ठरवले. लगेच पुंटलँड या घटकराज्याने ती दुरुस्ती अमान्य केली आणि आपण संघराज्याच्या संस्थांपासून अलग झालो असे जाहीर केले. कायदा बदलला म्हणून विश्वास उत्पन्न होत नाही, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे दोन भावांची शेती एकत्र असली की बांध कुणी घालायचा, बैल कुणी वापरायचा, हे पेरणीच्या आधी ठरवतात. पेरणी झाल्यावर ठरवू म्हटले तर भांडण ठरलेलेच. तद्वत नव्या पंतप्रधानाने यादीला हात घालण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षांसमोर बसून चार कलमे कागदावर उतरवून घ्यावीत. मंत्री कुणी काढायचा? सेनापती आणि गुप्तचर खात्याचा प्रमुख कुणी नेमायचा? परदेशाशी करार कुणी करायचा? मतभेद झाला तर मध्यस्थ कोण? यांतला गुप्तचर खात्याचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. २०२१ साली राष्ट्राध्यक्ष फर्माजो आणि पंतप्रधान मोहम्मद हुसेन रोबले यांचे जाहीर वैर झाले, ते त्याच खात्याच्या प्रमुखावरून. वर्षाअखेर राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानाचे अधिकार तहकूब केल्याचे जाहीर केले आणि पंतप्रधानांनी ते मानले नाही. मोगादिशूच्या सैनिकांनी ऐकायचे कुणाचे?

तिसरी गोष्ट: ज्या खात्याला कुणी विचारत नाही, ते आधी पाहावे

अब्दिवेली आणि राष्ट्राध्यक्ष यांचे भांडण २०१४ च्या ऑक्टोबरात कशावरून पेटले, ठाऊक आहे? पंतप्रधानांनी खातेबदल केला आणि राष्ट्राध्यक्षांच्या निकटच्या न्यायमंत्र्याला पशुसंवर्धन खात्यात पाठवले. तो अपमान समजला गेला, राष्ट्राध्यक्षांनी बदल अवैध ठरवला, आणि दीड महिन्यात सरकार पडले.

श्रोतेहो, आपण शेतकरी माणसे. जरा विचार करा. जगात सर्वांत जास्त उंट असलेल्या देशांत ज्याची गणना होते, ज्याच्या शेळ्यामेंढ्या हज यात्रेसाठी जहाजे भरभरून अरबस्तानात जातात, त्या देशात गुरांचे खाते म्हणजे शिक्षा! २००० साली एका पशुरोगाच्या भीतीने सौदी अरबस्तानने तिकडच्या जनावरांची आयात बंद केली, ती २००९ पर्यंत बंद राहिली. जनावर निरोगी आहे असा भरवशाचा दाखला देणारे सरकारी डॉक्टर आणि दवाखाने देशात उभे नसले म्हणजे काय होते, ते त्यावरून कळते. धनगराच्या कळपाला भाव मिळतो की नाही, हे त्या दाखल्यावर ठरते. न्यायमंत्र्याच्या खुर्चीपेक्षा त्या दाखल्याची किंमत कमी आहे काय?

आणि पाऊस. सोमालियात पावसाचे दोन हंगाम: एप्रिल ते जूनचा ‘गू’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा ‘देइर’. लागोपाठ हे दोन्ही हुकले की गवत जाते, मग जनावर जाते, मग माणूस जातो. २०१० चा देइर हुकला, २०११ चा गू हुकला. त्या जून महिन्यात मोगादिशूत काय चालले होते? राष्ट्राध्यक्ष आणि सभापती यांच्यात मुदतवाढीवरून तंटा होता. तो मिटवण्यासाठी युगांडात कंपाला येथे तडजोड झाली आणि त्या तडजोडीत पंतप्रधानांनाच राजीनामा द्यावा लागला. जुलैत नवे मंत्रिमंडळ बनत होते, आणि त्याच जुलैच्या २० तारखेला संयुक्त राष्ट्रसंघाने दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत दुर्भिक्ष जाहीर केले. पुढे झालेल्या अभ्यासाप्रमाणे २०१० च्या ऑक्टोबरपासून २०१२ च्या एप्रिलपर्यंत सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती.

पंतप्रधान बदलला म्हणून दुष्काळ पडला, असे मी म्हणणार नाही. पाऊस हुकला होता, अल-शबाबच्या बंडखोरांनी मदतीच्या वाटा अडवल्या होत्या, आणि जगाची मदतही उशिरा पोहोचली. पण ज्या आठवड्यांत एका माणसाने रोज उठून पाण्याचा आणि धान्याचाच हिशेब घ्यायला हवा होता, त्या आठवड्यांत सरकार खुर्च्यांचा हिशेब करीत होते.

याच्या शेजारी २०१७ साल ठेवा. तेव्हाही दुष्काळ भयंकर, आणि तेव्हाही राष्ट्राध्यक्ष नवा, पंतप्रधान नवा. परंतु मंत्रिमंडळ बनण्याची वाट न पाहता फेब्रुवारीच्या अखेरीसच राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली, मदत वेळेवर सुटली, आणि दुर्भिक्ष टळले. हाल झाले, पटकीने माणसे गेली. पण २०११ ची पुनरावृत्ती झाली नाही. २०२२ साली पुन्हा पाऊस हुकत गेला, त्या एका वर्षात ४३ हजार जादा मृत्यू झाल्याचा अंदाज नंतर केला गेला. म्हणजे हा धडा दर खेपेला नव्याने गिरवावा लागतो. नव्या पंतप्रधानाने आपली नेमणूक कोणत्या महिन्यात झाली हे पाहावे, मागचा पाऊस कसा झाला ते विचारावे, आणि पाणी, गुरे, आरोग्य या तीन खात्यांची माणसे सर्वांत आधी नेमावीत. बाकीची यादी चार दिवस थांबली तर कुणी मरत नाही.

चौथी गोष्ट: चालत आलेले काम मोडू नये

नवा कारभारी आला की जुन्याचे सगळे फेकून द्यायचे, ही खोड सर्व देशांत आहे. पण सोमालियात एक उदाहरण असे आहे की ते शाळेत सांगावे. जुन्या राजवटीच्या काळचे परदेशी कर्ज थकून थकून पाच अब्ज डॉलरांवर गेले होते. थकबाकीदाराला नवे कर्ज कुणी देईना. मग हिशेब नीट लावण्याचे काम सुरू झाले. सैनिकांची नोंदणी झाली. पगार अधिकाऱ्यांच्या हातून वाटण्याऐवजी थेट सैनिकाच्या बँकखात्यात जाऊ लागला. कराची वसुली सुधारली. २०२० च्या मार्चमध्ये, खैरे पंतप्रधान असताना, कर्जमुक्तीची पहिली पायरी ओलांडली. चार महिन्यांत खैरे गेले. रोबले आले, तेही गेले. पण काम चालू राहिले, आणि २०२३ च्या डिसेंबरात साडेचार अब्ज डॉलरांचे कर्ज माफ झाले. तीन पंतप्रधानांच्या कारकिर्दीत एकच काम एका दिशेने चालले, म्हणून ते झाले. सैन्याचेही तसेच आहे. २००७ पासून आफ्रिकी संघाच्या फौजांनी मोगादिशूचे सरकार तगवले. पण परक्या फौजेवर कायमचे विसंबता येत नाही. ज्या सैनिकाला पगार वेळेवर मिळतो तो सरकारचा होतो. ज्याला मिळत नाही तो परत कुळाचा होतो.

श्रोतेहो, या चारही गोष्टींचे सार त्या पगारातच आहे. कुळाचा वाटा मागणाऱ्याला ‘हे जुनाट आहे, सोडून दे’ असे सांगून तो सोडत नाही. का सोडावा? त्याच्या पदरात दुसरी हमी कुठे आहे? विहिरीला पाणी आहे, गुरांना लस मिळते, कोर्टात दाद लागते, आणि हे सगळे ‘तुझे कूळ कोणते?’ असे न विचारता मिळते, असा अनुभव त्याला पाच-दहा वर्षे आला, तर साडेचारचे सूत्र कुणी मोडायला नको. त्याची गरजच कमी होत जाईल. तोवर ते पाळलेच पाहिजे. नव्या पंतप्रधानाने वाटणी करून सरकारात पाऊल टाकावे आणि आत गेल्यावर असे काम करावे की पुढच्या पंतप्रधानाला वाटणीचा इतका घोर पडू नये.

आपल्या शाळांतून नागरिकशास्त्र शिकवताना सरकार म्हणजे काय, असा प्रश्न येतो. मुले मंत्री, संसद, निवडणूक असे उत्तर देतात. उत्तर चुकीचे नाही. पण सोमालियाची ही हकीकत सांगून त्यांना एक प्रश्न पुढे विचारावा: पाऊस हुकल्यावर ज्या धनगराचा कळप मरायला लागला, त्याने मदतीसाठी कुणाकडे जावे? त्याचे उत्तर ज्या दिवशी ‘भावकीकडे’ असे न येता ‘सरकारी कचेरीत’ असे येईल, त्या दिवशी त्या देशात सरकार बनले असे म्हणावे.